कागदोपत्री सीमोल्लंघन

दसऱ्याच्या दिवशी गावाची वेस ओलांडायची आणि दिवेलागणीला सोने घेऊन घरी परतायचे, एवढेच सीमोल्लंघन आमच्या दांडिया बाजारातील घराला ठाऊक होते. वेस ओलांडून दूर देशी राहावयास जाण्याचा बेत आम्ही उभयतांनी २०२२ च्या दिवाळीत केला. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे आमचा प्रवास चालला होता तो कागदांवरून. ऑस्ट्रेलियाचा कुशल स्थलांतरितांचा व्हिसा मिळवायचा, तर विमानात पाय ठेवण्यापूर्वी स्वतःच्याच घरात आणि गावात किती हिंडावे लागते, याची कल्पना आम्हांला तेव्हा नव्हती.

बडोद्याच्या दक्षिणी मंडळींना स्थलांतर काही नवे नाही. आपले पूर्वज गायकवाडांच्या घोड्यांमागून येथे आले. खुद्द सयाजीराव महाराज १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आले, आणि पुढे त्यांनीच हुशार विद्यार्थ्यांना परदेशी धाडले. १९१३ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस निघाले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. जाणाऱ्याकडून काही लिहून घेण्याची रीत आमच्या गावात अशी जुनी आहे. आमच्याकडून मात्र लिहून घेतले ते जेथे जायचे होते त्या देशाने.

त्या देशात माणसाला गुण देतात. वय ३३ ते ३९ असेल तर २५, पदवीला १५, परदेशातील आठ वर्षांच्या कामाला १५, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन, श्रवण व संभाषण या चारही अंगांत ७ मिळाले तर १०. किमान ६५ गुणांशिवाय रांगेत उभेही राहता येत नाही, आणि नुसत्या ६५ वर रांग पुढे सरकेलच असे नाही. नवराबायकोंपैकी एकाने मुख्य अर्जदार व्हायचे, दुसऱ्याने त्याच्या नावाखाली यायचे. आम्ही दोघांचे गुण दोन कागदांवर मांडले. पतीची बँकेतील नोकरी आमच्या हिशेबात बसेना. पत्नी स्थापत्य अभियंता, ती बसली. सत्यनारायणाच्या प्रसादाला जमलेल्या नातलगांत एका काकांनी हळूच विचारलेच, “म्हणजे तू आता सुनबाईंच्या मागून जाणार?” उत्तर सोपे होते. मागून जाणाऱ्याने चारही अंगांत ६ मिळवले तर मुख्य अर्जदाराला ५ गुण अधिक मिळतात. बँकेतून आल्यावर रोज रात्री दोन तास, असे चार महिने खपून ते पाच गुण आम्ही घरात आणले. एकूण झाले ७०.

त्यांत आणखी भर घालण्याचा एक मार्ग होता. मोठ्या शहरांऐवजी तेथील एखाद्या राज्याच्या शिफारशीने ‘प्रादेशिक’ ठरवलेल्या भागात राहण्याचे कबूल केले, तर १५ गुण जास्त मिळतात. हा ४९१ क्रमांकाचा व्हिसा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तो पाच वर्षांचा असतो. त्यात निदान तीन वर्षे त्या भागात राहून कमावले, तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अॅडलेड ही या व्यवस्थेत प्रादेशिक गणली जाते. आम्ही नकाशावर तिच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले.

त्याआधी कौशल्याची पारख होती. तेथील अभियंत्यांची संस्था अर्जदाराकडून आपल्या कामाच्या तीन हकिकती इंग्रजीत लिहवून घेते, आणि त्या प्रथमपुरुषी एकवचनीच असाव्या लागतात. येथे आमची पंचाईत झाली. पहिल्या खर्ड्यात एका पाणीपुरवठा योजनेविषयी पानोपानी लिहिले होते, “आम्ही नळ टाकले, आम्ही दाब मोजला.” असे चालत नाही. तुम्ही स्वतः काय केले, तेवढेच सांगायचे. एकत्र काम करणाऱ्या माणसाला, त्यातून मराठी घरात वाढलेल्या सुनेला, ‘मी’ लिहिणे किती जड जाते ते त्या वेळी कळले. तीन वेळा खर्डा फाडला. चौथ्या वेळी ‘मी’ उतरला, आणि वाचताना आम्हां दोघांनाही जाणवले की यातले बरेचसे काम खरोखरच एकटीने केलेले होते. घरात ते तोवर कोणी मोजले नव्हते.

मग नावांचा गोंधळ उभा राहिला. गुजरातेतील गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्रावर माहेरचे नाव जाऊन सासरचे आलेले. शिवाय लग्नात ताम्हणातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले तिसरेच नाव, जे फक्त घरात चालते. एकच बाई तीन कागदांवर तीन नावांनी वावरत होती. अखेर मुद्रांकाच्या कागदावर प्रतिज्ञापत्र केले, की ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत. कोणी या वाटेने जाणार असेल, तर आमचे एवढे ऐकावे: गुणांच्या आधी नावे जुळवावीत.

२०२४ साली निमंत्रण आले. त्यानंतर साठ दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा असतो. त्यांतले एकेचाळीस दिवस आम्ही काहीच भरले नाही. कारण अर्जातील कुटुंबाच्या पानावर ती. आईंना जागा नव्हती. २०१६ पासून या व्हिसावर जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले एवढेच बरोबर नेता येतात. आईवडिलांसाठी निराळे व्हिसे आहेत. त्यांपैकी साध्या प्रकारची रांग तेथील खात्याच्याच अंदाजाने तीस वर्षांहून लांब आहे, आणि पैसे भरून लवकर मिळणाऱ्या प्रकाराला एका माणसामागे चाळीस हजारांहून अधिक डॉलर पडतात. त्यांपैकी कशासाठीही आधी आम्हांला कायमचे वास्तव्य मिळाले पाहिजे. आईंचे वय सत्तरीच्या जवळ. आमच्या खोलीत पानसुपारीच्या डब्यासारखा तो विषय झाकून ठेवलेला होता. निमंत्रण जाऊ द्यावे, असे एका रात्री आम्ही ठरवलेही होते.

सकाळी आई माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवून जाजमावर कागद मांडून बसल्या होत्या. आमची लग्नपत्रिका, आहेराची वही, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सारे निगुतीने जपलेले. “माझे नाव कुठेच नाही का?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, की अर्जदाराच्या आईचे नाव आणि जन्मतारीख विचारतात, पण जाणारांत नाही. “मग विचारतात तेवढे तरी नीट लिहा. तारीख १ जून घाला. ती शाळेतल्या मास्तरांनी घातलेली. खरी चैत्रातली वद्य पंचमी, पण तिला जागा नसेल.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मला विचारून थांबलात असे उद्या कोणी म्हणायला नको. मला विचारलेच नाहीत तुम्ही.”

हे अगदी खरे होते. त्यांच्यासाठी म्हणून जे आम्ही परस्पर ठरवत होतो, ते त्यांना न विचारता. त्या दिवसापासून अर्जाचे प्रत्येक पान जाजमावर वाचून दाखवले. पोलिसांचा दाखला झाला. अहमदाबादला नेमलेल्या डॉक्टरांकडे छातीचा फोटो आणि रक्ततपासणी झाली, तेव्हा आईही बरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर दोन्ही पारपत्रे पदरात धरून बसून राहिल्या.

२०२५ च्या सप्टेंबरअखेर आम्ही अहमदाबादेहून सिंगापूरमार्गे अॅडलेडला उतरलो. तेथे येणाऱ्याने कार्डावर खाण्याचे आणि झाडापानांचे सारे लिहून द्यायचे असते. आम्ही मेतकूट लिहिले, गोडा मसाला लिहिला आणि आईंनी दसऱ्यासाठी रुमालात बांधून दिलेली आपट्याची दोन पानेही लिहिली. अधिकारी बाईंनी मसाला हुंगून परत दिला. पाने मात्र ठेवून घेतली. ताजे पान त्या देशात जाऊ शकत नाही. त्यांनी रुमाल घडी घालून आमच्या हाती दिला.

शहर मात्र पाहताक्षणी ओळखीचे वाटले. आपल्या जुन्या बडोद्यात मांडवी मध्यावर आणि चार वाटा चार दरवाजांकडे. येथे कर्नल लाइटने १८३७ साली आखलेले चौकोनी गाव, मध्ये चौक, चार कडांना चार दिशांच्या नावांचे रस्ते आणि सभोवार उद्यानांचे कडे. मधल्या चौकालाही दोन नावे आहेत, एक राणी व्हिक्टोरियाचे आणि एक मूळच्या कौर्ना लोकांच्या भाषेतले, तार्नतान्यांगा. दोन्ही पाटीवर आहेत. आम्हांला आमचे प्रतिज्ञापत्र आठवले.

२ ऑक्टोबरला दसरा आला. तिन्हीसांजेला आम्ही साउथ टेरेस हा दक्षिणेकडचा रस्ता ओलांडून पलीकडच्या निलगिरींत थोडे चाललो आणि परत फिरलो. आपले घड्याळ तेव्हा बडोद्याच्या चार तास पुढे होते. रात्री दहाला फोन लावला, तर तिकडे आई नुकत्या देवापुढे दिवा लावून बसल्या होत्या. पाने पोचली नाहीत, हे सांगितले. “लिहून दिलीत ना? मग बरे झाले,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी येथली घड्याळे तासभर पुढे सरकवली आणि अंतर पाच तासांचे झाले. त्या दिवशी फोन चुकला.

आता बहीण पुण्याहून जाऊन आईंच्या पारपत्राचा अर्ज भरून आली आहे. आम्ही येथे पाहुणे म्हणून येणाऱ्याच्या व्हिसाची नवी फाइल उघडली आहे. तिच्यात पहिल्या पानावर अर्जदाराचे नाव आहे ते आईंचे, जन्मतारीख १ जून. खाली कोपऱ्यात, जेथे काही लिहायचे नसते, तेथे पेन्सिलीने वद्य पंचमी लिहिली आहे.