बंगाली कॅम्पातली दशमी

चंद्रपूर शहराचं नवरात्र तोवर पाच दिवसांचं झालेलं असतं. घरोघरी घटातलं धान्य वीतभर वाढलेलं, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. अशात षष्ठीच्या संध्याकाळी मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बंगाली कॅम्पात दुर्गापूजेचा ढाक वाजू लागतो. संदल-ताशाला सरावलेल्या चंद्रपुरी कानाला हा ठेका वेगळा लागतो. देवी तीच, पण इथे ती चार लेकरं घेऊन माहेरपणाला आलेली लेक असते. लेक घरी आली म्हटल्यावर नऊ दिवसांचे उपास कसले? अष्टमीला सकाळी पुष्पांजली होईपर्यंत पोट रिकामं ठेवायचं, एवढंच. शेजारची मराठी घरं साबुदाणा भिजवत असतात आणि कॅम्पातल्या चुलीवर मोहरीचं वाटण लावलेला रोहू रटरटत असतो. दोन्ही घरांना याची सवय होऊन आता जवळजवळ दोन पिढ्या लोटल्या.

हे लोक पूर्व बंगालातून आले. फाळणीनंतर आणि पुढेही, पूर्व पाकिस्तानात दंगल उसळली की नवा लोंढा सीमा ओलांडायचा. रायपूरजवळच्या माना इथल्या छावणीत त्यांची नावनोंदणी व्हायची. त्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य विकास प्राधिकरण उभं केलं. त्याचं मुख्य काम बस्तर आणि कोरापुटात चाललं, पण बरीच कुटुंबं तेव्हाच्या अखंड चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातही आली. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला आणि यांची बहुतेक गावं तिकडे गेली. आज मुलचेरा तालुक्यातून जाताना गोंडी-मराठी नावांच्या पाट्यांमध्ये अचानक सुंदरनगर, विवेकानंदपूर, गांधीनगर, शांतिग्राम अशी नावं दिसू लागतात. जंगल तोडून वसवलेल्या गावांना माणसांनी आपल्या मनातली नावं दिली. नद्यांच्या मुलखातल्या या माणसांनी इथे बांध्यांमधून धान पिकवलं आणि बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तळ्यांत, मासळी वाढवली.

सगळेच इथे रमले असं नाही. १९७८ मध्ये दंडकारण्यातले हजारो निर्वासित घरदार मोडून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. मे १९७९ पर्यंत बंगालच्या सरकारने त्यांना तिथूनही हुसकावलं. स्वतःच्या भाषेच्या राज्यातही जागा मिळाली नाही, ही आठवण जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून निघते आणि निघाली की बोलणं तिथेच थांबतं.

मग उरतो तो सण. परदेशी गेलेल्या माणसाचा सण मायदेशापेक्षा जास्त घट्ट होतो, हे जगभर दिसतं. आयरिश लोकांच्या सेंट पॅट्रिक दिनाची मिरवणूक न्यूयॉर्कमध्ये १७६२ साली निघाली. डब्लिनला सरकारी मिरवणूक १९३१ मध्ये आली. आयरिश माणूस जिथे गेला तिथे त्याने आपला फुटबॉल आणि हर्लिंग नेलं, क्लब काढले, १७ मार्चला मैदान आणि बैठक दोन्ही रंगवले. पण त्याच्यामागे एक देश होता. चंद्रपूरच्या बंगाली माणसाने सोडला तो पूर्व पाकिस्तान. १९७१ ला त्याचा बांगलादेश झाला. त्या देशाचा २६ मार्चचा स्वातंत्र्यदिन यांचा नाही. राष्ट्रीय दिवसाने जे द्यायचं, ते सगळं यांना पुजोच्या, म्हणजे दुर्गापूजेच्या, पाच दिवसांतून घ्यावं लागतं.

म्हणून त्या पाच दिवसांत नुसती पूजा नसते. दुपारी मोकळ्या मैदानात पोरं अनवाणी फुटबॉल खेळतात. पावसाने भिजलेली तांबडी माती गुडघ्यापर्यंत चढलेली असते आणि कडेला लुंगी खोचून उभे असलेले आजोबा ‘पास दे रे!’ म्हणून मराठीत ओरडतात. फुटबॉल या घरांत वारशाने आला. कोलकात्यात १ ऑगस्ट १९२० ला स्थापन झालेला ईस्ट बंगाल क्लब फाळणीनंतर निर्वासितांचा आधार झाला. गेलेल्या गावाचं नाव लाल-पिवळ्या जर्सीवर तरी उरलं होतं.

रात्री गप्पांचा अड्डा जमतो, कुठे जात्रा हे बंगाली लोकनाट्य होतं. रात्रभर नाटक बघायची ओढ या मुलखाला नवी नाही. भाऊबीज झाली की वडसाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, आणि झाडीपट्टीच्या त्या शामियान्यात बंगाली प्रेक्षकही पहाटेपर्यंत बसतो.

एक गोष्ट मात्र बोचते. कॅम्पातली बरीच कुटुंबं नमशूद्र या दलित जातीची आहेत. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत पोचले ते बंगालमधून, तिथले दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमशूद्र सहकाऱ्यांच्या बळावर. त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. पश्चिम बंगालात नमशूद्र अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही. कॅम्पातलं पोर दाखल्यासाठी जातं आणि हात हलवत परत येतं. इतक्या वर्षांनी तरी हे सुटायला हवं.

दशमीला बायका देवीला शेंदूर लावतात, मग एकमेकींना. मूर्ती पाण्यात गेली की ‘शुभो बिजोया’ म्हणत पुरुष एकमेकांना तीनदा आलिंगन देतात, लहान मोठ्यांच्या पाया पडतात आणि घरोघरी नारळ-गुळाचे नाडू पुढे येतात. त्याच संध्याकाळी उरलेलं शहर आपट्याची पानं घेऊन निघालेलं असतं. कॅम्पातल्या एका ओसरीवर शेजारची मराठी पोरं येतात, ‘आजी, सोनं घ्या’ म्हणतात. म्हातारी पान कपाळाला लावते, पोरांच्या हातावर दोन-दोन नाडू ठेवते आणि डब्याचं झाकण लावायच्या आधी विचारते, ‘तुझ्या आईला किती देऊ?’