फुटलेल्या टायरची कैफियत

पांढरकवड्याहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेस रबराची काळी सालटी पडलेली आपण सर्वांनी पाहिली असतील. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या गावास लागूनच जातो. त्यामुळे अपघाताची वार्ता आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी पोहोचते. ‘कसे झाले?’ असे कोणी विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते, ‘टायर फुटला.’ एवढे म्हटले की चौकशी संपते. ऐकणारा हळहळतो आणि वीज पडावी तसे काहीसे घडले असे मनाचे समाधान करून घेतो.

व्याकरणाच्या तासास ‘फुटणे’ हे अकर्मक आणि ‘फोडणे’ हे सकर्मक क्रियापद असे आपण शिकतो. माठ फुटला म्हणावे, म्हणजे तो कोणी फोडला हे सांगावयास नको! टायरच्या बाबतीतही आपण नेमकी हीच सोय करून घेतली आहे, असे मला वाटते.

दि. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास निघालेली एक प्रवासी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. पंचवीस प्रवासी जळून मृत्यू पावले. त्यांत आपल्या विदर्भातील तरुण मुलेमुली होती. टायर फुटल्यामुळे गाडी उलटली असे चालकाने प्रथम सांगितले. परंतु अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने पाहणी केली, तेव्हा अपघातस्थळी रबराचे तुकडे किंवा फुटलेल्या टायरच्या खुणा आढळल्या नाहीत, असे अहवालात नमूद झाले. ज्या टायरवर आरोप ठेवला गेला त्यास बोलता येत नव्हते. त्याच्या वतीने रस्त्यालाच साक्ष द्यावी लागली.

खरोखर टायर फुटल्याचे प्रसंगही अर्थातच घडतात, आणि तसा एक मी पाहिला आहे. मे महिन्यात एका लग्नास आम्ही भाड्याच्या जीपने चाललो होतो. नऊ जणांच्या जागी बारा माणसे, टपावर भांडी व गाद्या आणि मुहूर्त टळू नये म्हणून चालकाची चाललेली घाई, असा सारा थाट होता. करंजीच्या पुढे मागचे चाक मोठा आवाज करून बसले. दैवाने रस्ता मोकळा होता, म्हणून आम्ही केवळ घाबरण्यावर निभावलो. जवळच्या पंक्चरवाल्याने टायर रिंगवरून उतरविला व आतून हात फिरवून तळहात आम्हांस दाखविला. त्यास रबराची बारीक काळी भुकटी लागली होती. तो म्हणाला, “गुरुजी, हा आज नाही फुटला जी. हवा कमी होती याच्यात. चार दिसापासून मरून राह्यला होता.”

विज्ञानाच्या पुस्तकात याहून नेमके निदान मला आढळले नसते. आपल्या बैलगाडीच्या चाकास लोहार लोखंडी धाव तापवून बसवितो. ती वाकत नाही, म्हणून गाडीत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. स्कॉटलंडात जन्मलेल्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेने भरलेली रबरी धाव तयार केली. तिचा सारा गुण वाकण्यात आहे, आणि तिचे मरणही वाकण्यातच आहे. लोखंडाची तार एकाच जागी पुन:पुन्हा वाकवून पाहावी; ती प्रथम गरम लागते आणि मग तुटते. साधारण मोटारीचे चाक ताशी 100 किलोमीटर वेगाने जाताना एका सेकंदात सुमारे चौदा फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरच्या कुशीचा प्रत्येक भाग जमिनीजवळ येताच दबतो व पुन्हा सरळ होतो. आतील हवा कमी असेल, किंवा माथ्यावर ओझे अधिक असेल, तर तो अधिक दबतो. अधिक दबला की अधिक तापतो. तापलेले रबर मऊ पडते, आतील दोऱ्यांना सोडू लागते, आणि कुशी आतल्या आत झिजून तिची भुकटी होते. बाहेरून मात्र टायर धडधाकट दिसतो.

येथे एका समजुतीचा समाचार घेणे अगत्याचे आहे, कारण ती आमच्याकडे फार रूढ आहे. उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटेल, म्हणून पाच-सात पौंड हवा कमीच भरावी असे जाणती माणसेही सांगतात. हवा तापून दाब वाढतो हे खरे आहे. सकाळी 30 अंशांवर 33 पौंड भरलेली हवा टायर 60 अंशांपर्यंत तापला असता सुमारे 38 पौंड दाखवील. परंतु हा वाढावा कारखानदाराने आधीच हिशेबात धरलेला असतो. धडक्या टायरला त्याचे भय नाही. भय आहे ते हवा कमी ठेवण्याचे, कारण ज्या उष्णतेला आपण भितो तीच त्यामुळे वाढते. म्हणून चालकाच्या बाजूच्या दारापाशी चिकटविलेल्या कागदावर जो आकडा असेल तेवढीच हवा भरावी, आणि तीही चाक थंड असताना मोजावी. तापलेल्या टायरमधील हवा सोडणे तर सर्वांत वाईट. (नायट्रोजन भरला की चिंता मिटली असे समजणारेही पुष्कळ आहेत. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, एवढे सांगून मी तो विषय सोडतो.)

आता गाडी हाकणाऱ्याकडे वळू. काही लोक मोटार अशी चालवितात की जणू पुढचा प्रत्येक वाहनधारक त्यांचा वैरी आहे. एकदम वेग घ्यावयाचा, एकदम ब्रेक दाबावयाचा, वळण वेगातच कापावयाचे, खड्डा दिसला तरी पाय उचलावयाचा नाही. प्रत्येक वेळी त्याचा दंड टायर भरतो. वेगात खड्ड्यावर आदळले की रिंग आणि दगड यांच्या चिमट्यात कुशी सापडते व आतील दोऱ्या तुटतात. मग त्या जागी फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 60 ला फुटलेला टायर आणि 120 ला फुटलेला टायर हे दोन निरनिराळे अपघात आहेत. आणि लाभ तरी काय? येथून नागपूर सुमारे 150 किलोमीटर. सरासरी 80 ऐवजी 100 ने गेल्यास साडेबावीस मिनिटे वाचतात. तेवढी तर नागपुरात शिरताच सिग्नलवर खर्ची पडतात.

टायर फुटल्यानंतरही असाच मनुष्य अधिक घात करतो, कारण त्याचा पाय सवयीने ब्रेकवर जोराने पडतो आणि गाडी फुटलेल्या बाजूस ओढली जाऊन उलटते. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, वेगाच्या पट्टीवरील पाय सावकाश उचलावा, आणि गाडी पुरेशी मंदावल्यावरच कडेस घ्यावी.

सारा दोष हाकणाऱ्याचाच असतो असेही नव्हे. 2000 सालच्या ऑगस्टात अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला 65 लक्ष टायर परत घ्यावे लागले. त्यांचा वरचा थर धावता धावता सुटत असे, व त्यापायी अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परंतु तेथेही टेक्सास, फ्लॉरिडा यांसारखी उष्ण राज्ये, कमी हवा, भरलेली गाडी आणि लांबचा वेगवान प्रवास यांच्या संगतीनेच तो दोष उघड झाला. उष्ण प्रदेश कोणता हे वऱ्हाडातील वाचकांस सांगावयास नको.

विद्यार्थ्यांनी घरची गाडी असल्यास उद्या सकाळी तिच्या चाकाजवळ बसावे. टायरच्या कुशीवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले सापडतील. 2319 असे असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजलेले रबर त्यांच्या बरोबरीस आले म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरच उरली, आणि मोटारीसाठी कायद्याची मर्यादाही तीच आहे. हे पाहून झाल्यावर वडिलांना स्टेपनी दाखवावयास सांगावे. वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर 1904 साली जादा चाक बनविणारे दुकान निघाले, त्या रस्त्याचे नाव आपण मराठीत इतके रुळविले की आजही पंक्चरवाला दुसरा शब्द जाणत नाही. तिची हवा बहुधा गाडी घेतली त्या दिवसापासून कोणी मोजलेली नसते.