महेश्वरचा मुक्काम

जलकोटीजवळ काळ्या पाषाणांतून असंख्य ओघांनी फुटणारी सहस्रधारा मागे टाकून, नर्मदेच्या उत्तर तटाने पूर्वेकडे चालत आम्ही परिक्रमावासी महेश्वरात शिरलो, तेव्हा ऊन कलले होते. घाटावर झोळी उतरवली आणि समोर पाहतो तो नावडातोली! परिक्रमेच्या आरंभी, ओंकारेश्वराहून निघाल्यावर, दक्षिण तटावरील त्याच गावी शालिवाहन मंदिरात आम्ही मुक्काम केला होता. नावेने गेल्यास घटकाभराचेही अंतर नाही. परंतु मय्याला उजव्या हाताशी ठेवावे आणि तिचे पात्र ओलांडू नये, असा दंडक असल्यामुळे शूलपाणीचे अरण्य तुडवून, विमलेश्वराहून समुद्रातून नावेने उत्तर तट गाठून आणि पुन्हा तितकेच चालून आम्ही या पैलतीरी आलो होतो. ज्या टेकाडांत डॉ. सांकळियांना 1952 पासूनच्या उत्खननांत साडेतीन सहस्र वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची घरे आणि चित्रित मृत्पात्रे सापडली, त्यांवरून जाताना केवळ माती दिसली होती. आता नदीसह ती दिसली, आणि मनुष्याने वस्तीला हेच स्थळ का निवडले असावे, हे तत्क्षणी उमगले.

धर्मशाळेत ‘कितनी मूर्ति?’ एवढेच विचारून कणीक, डाळ, मीठ असे सदावर्त आमच्या पुढ्यात ठेवले गेले. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. 1767 पासून 1795 पर्यंत ज्या अहिल्याबाईंनी येथून होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहिला, त्यांनी सरकारी खजिन्याला हात न लावता खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रे उभारली. दानाला त्यांनी लहरीवर सोडले नाही, त्याला वहिवाटीचे स्थैर्य दिले. माझ्या मते त्यांच्या सर्व मंदिरांहून ही कामगिरी थोर आहे, कारण थकलेल्या पांथस्थाला दात्याच्या मर्जीची नव्हे, तर खात्रीच्या शिध्याची गरज असते.

प्रातःकाळी वाड्यात लिंगार्चन पाहिले. काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगे फळ्यांवर ओळींनी मांडून, पूजा होताच ती नर्मदेत विसर्जित करण्याचा बाईंच्या वेळचा परिपाठ अद्याप नित्य चालू आहे. पूजकांपैकी एका वृद्धाने आमचे मराठी ऐकून त्याच भाषेत आपुलकीने चौकशी केली, परिक्रमेच्या वहीवर शिक्का कोठे मिळेल ते सांगितले आणि बजावले, “सडकेला लागू नका, काठाकाठानेच जा, मंडलेश्वर दुपारच्या आत गाठाल.”