पिशवीवरचा फोटो



गेल्या वर्षी ह्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला मी प्रभावना म्हणून १५० सुती पिशव्या वाटल्या. बी.कॉम. झालेली मी, हिशेबाची सवय. तीन दुकानांतून भाव घेतले आणि सगळ्यात स्वस्त छपाई ठरवली. पिशवीवर ह्यांचा रंगीत फोटो होता.

दोन महिन्यांनी अंबाजोगाईच्या बाजारात एका बाईंच्या हातात ती पिशवी दिसली. ह्यांच्या कपाळावर भेगा पडलेल्या, एका डोळ्यावरचा पापुद्रा निघालेला. बाई ओशाळल्या. "काकू, दोनदाच धुतली हो!" घरी येऊन मी खूप रडले.

चूक त्यांची नव्हती. भाव विचारताना मी 'छपाई कोणती?' हे विचारलंच नव्हतं.

मग कापडाच्या धंद्यातल्या भाच्याकडून समजून घेतलं. रंग धाग्यात शिरला की टिकतो, नुसता वर चिकटला की कधीतरी सुटतो. माझा फोटो आधी फिल्मवर छापून गरम दाबाने पिशवीवर चिकटवलेला होता. अशा छपाईत दाब किंवा उष्णता कमी पडली, नाहीतर पिशवी ब्रशने घासली, की थर तडकतो.

सब्लिमेशनमध्ये सुमारे २०० अंश उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरते. तो फोटो सोलून निघत नाही, पण सुती कापडावर ही छपाई धरत नाही. स्क्रीन प्रिंटमध्ये जाळीतून रंग दाबतात. पिगमेंटचा रंग बाइंडरच्या आधाराने राहतो, म्हणून छापल्यावर तो नीट तापवून पक्का करावा लागतो. नुसता वाळवून दिला तर पाण्यात उतरतो. रिअॅक्टिव्ह रंग मात्र सुताशी रासायनिक बंध जोडतात. ते १९५६ पासून बाजारात आहेत, आणि धुण्याला चांगले टिकतात.

सासूबाईंनी भद्रेश्वरच्या यात्रेहून आणलेली अजरखची चादर आमच्याकडे आहे. लाकडी ठशांनी छापलेली, नीळ आणि मंजिष्ठेत रंगवलेली. आता ती मऊ झाली, रंगही फिका झाला, पण नक्षी दोन्ही बाजूंनी जागेवर आहे.

तुम्ही मंडळासाठी पिशव्या किंवा साड्या छापून घेणार असाल तर आधी एकच नमुना मागवा. पांढरा रुमाल ओला करून छपाईवर दहा वेळा घासा. मग तो नमुना आपल्या बोअरच्या जड पाण्यात पाच वेळा धुवा. कारखान्यात घासण्याची अशीच परीक्षा घेऊन १ ते ५ गुण देतात, ५ सगळ्यात पक्का. छापील कपडा उलटा करून धुवा, सावलीत वाळवा, छपाईवर थेट इस्त्री फिरवू नका. आणि नवकार मंत्र किंवा भगवंतांची प्रतिमा पिशवीवर छापूच नका. ती भाजीत लोळते, पायाशी पडते, आशातना होते.

यंदा दुसऱ्या पुण्यस्मरणाला मी कमी पिशव्या केल्या, फक्त ८०. सुती कापड, काठाला ठशांची साधी वेल. नाव नाही, फोटो नाही. एका पिशवीची किंमत जास्त पडली, एकूण खर्च जवळपास तेवढाच झाला.

बाजारातल्या त्या बाईंना यातली एक दिली आणि जुनी मागून घेतली. ती माझ्या कपाटात आहे. अजून धुतलेली नाही.