द्वारका ते डोंबिवली, मधे मुंबई

सोमवार, रात्री साडेदहा

दादरच्या लॉजवाल्यांना फोन झाले. त्यातल्या त्यात स्वस्त खोलीचा एका रात्रीचा दर ऐकून हे म्हणाले, ‘‘एवढ्यात शिर्डी दोनदा होते.’’ शिर्डीला जायचंच नाहीये. पण आमच्या घरात कुठलाही खर्च आधी शिर्डीशी लावून बघतात.

खरं तर नाशिककराला मुंबईत मुक्कामाची सवयच नाही. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडायची, मंत्रालय नाहीतर टाटा हॉस्पिटल नाहीतर व्हिसाचं काम उरकायचं, संध्याकाळी सव्वासहाच्या पंचवटीनं परत. 1975 साली ही गाडी सुरू झाली आणि मुंबई नाशिकला इतकी जवळ आली, की बघायची राहूनच गेली. मला ती दोन दिवस निवांत बघायची आहे. आईंना (सासूबाई, वय 77) पेंग्विन बघायचेत. ‘‘जायच्या आत एकदा,’’ म्हणाल्या. त्या असं गेली दहा वर्षं प्रत्येक गोष्टीबद्दल म्हणतात, म्हणून हे फारसे हलले नाहीत.

मुक्काम शेवटी डोंबिवलीला, वन्संकडे. भाडं शून्य. म्हणजे द्राक्षांची पेटी, कोंडाजी चिवडा, भाच्यांना काहीतरी. शून्य तेवढं स्वस्त नसतं.

मंगळवार

वारांचं कोडं सोडवण्यात संध्याकाळ गेली. सोमवारी घारापुरी बंद, बरीच संग्रहालयंही बंद. बुधवारी पेंग्विनवाली राणीची बाग बंद. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. वन्संना सुट्टी मात्र रविवारीच. लेकीकडे जाऊन लेक कामावर, हे आईंना चालणार नाही. म्हणजे मी आणि आईंनी शुक्रवारी जायचं, शुक्रवार-शनिवार मुंबई, रविवारी लोकलच्या वाटेला न जाता डोंबिवलीत जेवून थेट एसटीनं घरी. ठरलं.

आईंच्या गुडघ्यांमुळे घारापुरी रद्द. बोटीचे पैसे वाचले, तरी मला हळहळ वाटली.

बुधवार

आज भांडण. आई म्हणतात, रेल्वेत म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. ते मार्च 2020 मध्ये बंद झालं, आजतागायत सुरू झालेलं नाही. एसटीत उलट आहे: पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत, आणि 2023 पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट. म्हणजे एसटीनं आम्हा दोघींना मिळून अर्धं तिकीट पडतं, रेल्वेनं दोन पुरती. ‘‘मग दोन्हीकडून एसटीनंच जाऊ की,’’ आई. पण सकाळच्या वेळी भिवंडीच्या बाजूला गाडी किती वेळ उभी राहील हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. जाताना रेल्वे, येताना एसटी. यांनी कागदावर दोन्ही आकडे मांडले, फरकाखाली दोन रेघा मारल्या आणि कागद फ्रिजवर लावला. तो फरक मी भोगणार, हे त्यातून मला कळावं.

तिकिटं कल्याणपर्यंतचीच काढली. पेटी घेऊन मुंबईभर कोण फिरणार? आधी डोंबिवलीत सामान टाकायचं, मग मोकळ्या हातानं पुढे.

गुरुवार

द्राक्षांची दोन किलोची पेटी. चिवडा एक किलो. आईंची औषधं, त्यांचं आधार कार्ड (एसटीसाठी, दोनदा बघितलं). माझी टाच दुखतेय.

शुक्रवार, डोंबिवली, रात्री

रिक्षा, आमची नाशिकची द्वारका ते नाशिकरोड: 180. सहा वाजता सर्कलला शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि आईंना तिसऱ्या सीटवर तिरकं बसवत नाही, म्हणून पूर्ण रिक्षा केली. रेल्वे, दोघींची: एकशे ऐंशीच्या घरात. चहा 20. इगतपुरीला वडे 40. परत चहा 20. लोकल, कल्याण-डोंबिवली: 10. रिक्षा 40. गाडीला उशीर पंचवीस मिनिटं, त्यातली निम्मी कल्याणच्या अलीकडे नुसतं उभं राहून.

समोरच्या सीटवर एक बाई मटार सोलत होती. ओढणीची झोळी करून शेंगा त्यात, दाणे स्टीलच्या डब्यात, सालं वेगळ्या पिशवीत. अंगठ्याचं नख शेंगेच्या शिवणीत घातलं की शेंग उघडायची आणि सगळे दाणे एकदमच डब्यात. खाली बघायचीसुद्धा नाही. फोर्टातल्या कचेरीत नोकरी. आधी रोज यायची, तेव्हा पासधारकांच्या डब्यात तिची ठरलेली मंडळी, ठरलेली जागा, वाढदिवस, हळदीकुंकू, सगळं गाडीतच. आता आठवड्यातून दोनदाच कचेरी, बाकीचे दिवस घरून काम. दोन दिवसांसाठी पास परवडत नाही, म्हणून आरक्षण. ‘‘पैसे वाचले, मैत्रिणी गेल्या,’’ असं म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

मी तिला आमचा बेत सांगितला. तिनं तो ऐकला आणि निम्मा मोडून काढला. ‘‘डोंबिवलीहून अकराच्या आत निघायचंच नाही. आणि मुंबईहून चारच्या पुढे परतायचं नाही. या दोन वेळा पाळल्या तर पंधरा रुपयांत बसून जाल. नाही पाळल्या तर टॅक्सी कराल, आणि टॅक्सी केली की मग कसली स्वस्तातली सहल?’’ पर्यटकांचा दिवसाचा पास घेऊ का, विचारलं. म्हणाली, दिवसभर चढ-उतर करणाराला तो ठीक. आमचं जाऊन-येऊन तिकीट त्याच्या निम्म्यानंही होत नाही. आजींना कुठल्या डब्यात चढवायचं, डोंबिवलीला सरकता जिना कुठल्या टोकाला, सगळं तोंडपाठ. गेटवेला कुठून जायचं ते मात्र तिला सांगता येईना. कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे म्हणे. कधी गेले नाही.

इगतपुरीला गाडी थांबली, ब्रेक तपासले, मग घाट. चढ 37 फुटांना एक फूट. येताना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावून गाडी वर ढकलावी लागते, जाताना सगळा भरवसा ब्रेकवर. 1865 साली हा घाट आगगाडीला खुला झाला. आईंनी प्रत्येक बोगद्यात हात जोडले. मटारवाल्या बाईनं डब्याला झाकण लावलं आणि कल्याण येईपर्यंत झोपली.

दुपारची मुंबई थोडक्यात लिहिते, कारण टाच. साडेबाराची लोकल, बसायला जागा (अकराचा नियम खरा). सीएसएमटीला उतरून इमारत बाहेरून बघितली. रस्त्यापलीकडून बघावी, फलाटावरून ती दिसतच नाही. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकारानं दहा वर्षं घेऊन 1888 साली पुरी केली, 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. वर दगडात कोरलेली माकडं, मोर, मुंगूस. आईंनी माकडं शोधली, मला मुंगूस सापडलं नाही. मग बसनं गेटवे. एसी बस, दोघींना 24. समुद्र, ऊन, फोटोवाले. ‘‘ताईऽ फोटोऽ’’ म्हणत एकजण पार ताजमहाल हॉटेलपर्यंत मागे आला. 1924 साली कमान पुरी झाली आणि चोवीस वर्षांत इंग्रजांची शेवटची पलटण तिच्यातूनच निघून गेली, हे मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘सावली कुठेय?’’

चारचा नियम पाळला गेला नाही. पाच-पन्नासची गाडी. याबद्दल काही लिहीत नाही.

शनिवार, डोंबिवली

टाच सुजली. वन्संनी हळद-तेल लावून दिलं, आणि वर ऐकवलं, ‘‘वहिनी, नव्या चपला प्रवासात?’’

भाच्यानं मेट्रो 3 सुचवली. आरे ते कफ परेड, ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली, जवळजवळ सगळी जमिनीखालून. आई म्हणाल्या, मुंबई बघायला आलोय, तिच्या खालून कशाला जायचं? बिनतोड. भायखळा लोकलनं.

राणीची बाग. शनिवार, शाळांच्या सहली, रांग. पेंग्विन काचेमागे, हम्बोल्ट जातीचे, पहिले 2016 मध्ये सोलहून आणलेले. मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नव्हेत. पण मुंबईच्या उकाड्यात त्यांना गार हवा आणि गार पाणी चोवीस तास लागतं. आतला गारवा बघून सगळी पोरं काचेला चिकटलेली. आई पोरांच्या मागे उभ्या. एक पेंग्विन पाण्यात सुळकन गेला आणि काचेच्या अगदी जवळून वळला, तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. बराच वेळ बघितलं. नंतर बाहेर बाकावर बसून पाणी प्यायल्या आणि विचारलं, ‘‘यांचं लाईटबिल कोण भरतं गं?’’ महापालिका, म्हटलं. ‘‘म्हणजे मुंबईचे लोक. भरू देत. छान ठेवलंय.’’

पण आजचा खरा नफा वेगळाच. बागेतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आत जायला आईंचे गुडघे तयार नव्हते, म्हणून बाहेरच रेंगाळलो, तर तिथे दगडी हत्ती. भलामोठा, काळपट, अंगावर जोडाच्या रेघा. हा घारापुरीचा हत्ती! पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यामुळे. तो तिथेच असणार असं मी समजून होते. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली पडून फुटला. तुकडे मग मुंबईत आणले, आणि 1914 मध्ये कोणीतरी चिकाटीनं ते पुन्हा जोडले. आज बोटीनं बेटावर जाणाऱ्यांना सगळं बघायला मिळतं, पण ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो भायखळ्याला उभा आहे. बोटभाडं नाही, पायऱ्या नाहीत. आई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘याचेही सांधे दुखत असतील.’’ मी जवळ जाऊन सांधा बघितला. सोंडेपाशी जोडाची रेघ बोटभर रुंद आहे आणि तिच्यात एक मुंगळा शिरत होता.

संग्रहालयाच्या तिकिटाचे पैसे वाचले म्हणून दादरला उतरून मामा काणे. हे दुकान 1910 पासूनचं. बटाटेवडा, पीयूष. टेबलावर अनोळखी कुटुंबाबरोबर बसावं लागतं, कोणी वाईट वाटून घेत नाही. वडा नेमका असायला हवा तसा: कव्हर पातळ, आत भाजी पिवळी, आल्याचा तिखटपणा खाऊन झाल्यावर कळणारा. नाशिकच्या माणसाला झणझणीत मिसळीची सवय, त्यामुळे आईंना हे ‘सौम्य’ वाटलं, तरी त्यांनी दुसरा मागवला. पीयूष माझ्या वाट्याचंही त्यांनीच संपवलं. जायफळ जास्त आहे, असं म्हणत म्हणत.

साडेतीनची लोकल. बसून आलो.

रविवार, एसटीत आणि घरी

मेगाब्लॉक. वन्संची सोसायटी दहापासूनच व्हॉट्सअॅपवर एकमेकांना सावध करत होती. आम्ही लोकलला शिवलोच नाही.

जेवण: वरण-भात, मटार-उसळ, श्रीखंड. निघताना रड. आई आणि वन्सं, दोघी माहेरवाशिणीसारख्या रडल्या, यातली माहेरवाशीण नेमकी कोण ते कळेना.

डोंबिवली-कल्याण रिक्षा 200. आईंचं तिकीट 0. माझं अर्धं. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, वय वाचलं, आईंकडे वर बघितलं आणि ‘‘आजी, साठीच्या वाटता’’ म्हणाला. शहापूरपर्यंत आईंना दुसरं काही सुचलं नाही.

आसनगावच्या पुढे रस्त्याचं काम. चाळीस मिनिटं जागच्या जागी. पुन्हा खर्डीच्या आसपास वीस. घाटात ट्रक बंद पडलेला, पंधरा. जेवणाच्या थांब्यावर स्वच्छतागृह असं की परत येऊन बसले. सात तास होत आले. फ्रिजवरचा कागद आठवला.

द्वारकेला गाडी फ्लायओव्हरवरून गेली नाही, खालून आली, हे उपकार. रस्ता ओलांडायला हे समोर उभे होते. भुयारी मार्ग आहे, तिकडे आमच्यापैकी कोणी वळलं नाही.

सोमवार

हिशेब झाला. तीन दिवस, दोघी: 1,870. यात द्राक्षं, चिवडा नाहीत आणि भाच्यांना दिलेले पैसेही नाहीत. आईंनी ते आपल्या बटव्यातून दिले आणि आकडा सांगत नाहीत. वन्संनी परत दिलेल्या सामानाचं वजन पेटीपेक्षा जास्त भरलं: लोणचं, दोन साड्या, एक प्रेशर कुकर.

यांनी कागदावर टाचेच्या मलमाचे 95 वेगळ्या रकान्यात लिहिले. ते प्रवासात धरू नका, असं मी म्हटलं. चपला नाशिकच्याच आहेत.