वाटीवाटीचं पाणी

जुलैत सावळघाट चढताना समोरचं काही दिसत नाही, असा पाऊस पेठ तालुक्यात कोसळतो. वर्षाला 2000 मिलिमीटरच्या पुढे. पण डोंगर तीव्र उताराचे, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी थांबतच नाही. ओहोळांतून दमणगंगेत, तिथून मधुबन धरणात आणि पुढे दमणजवळ समुद्रात. पेठच्या वाट्याला उरतो तो चैत्र-वैशाख. त्या दिवसांत पाड्यांवरच्या बाया पहाटेच्या अंधारात झिऱ्याशी बसतात. तळाशी पाणी पाझरतं, वाटीनं उपसायचं, पुन्हा पाझरायची वाट बघायची. हंडा भरेपर्यंत ऊन वर येतं.

करंजाळीच्या पुढे अशाच एका चढणीवर, मे महिन्यात, मी दम खात उभा होतो. चुंबळीवर हंडा, त्यावर कळशी घेऊन एक आजी वर आली. मी पाणी मागितलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कळशी उतरवली. "बस. पानी पी." मला उभ्या आयुष्यात कुणी इतक्या हक्कानं बसवलं नसेल. वाटी रिकामी झाली की ती न विचारता पुन्हा भरायची. कुठला, कोणाचा, इकडे कशाला, एक प्रश्न नाही. तुम्हाला कमी पडेल, म्हणालो, तर पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सांजंला जायाचंच हाय पुन्ना."

नळाखाली पेला धरून पाणी देणं हेही चांगलंच. पण त्या कळशीतली प्रत्येक वाटी तिनं झिऱ्याशी वाट बघून मिळवली होती, आणि सगळी चढण डोक्यावरून आणली होती. इतकं महाग काही मला परक्या हातून मिळालेलं नाही.

भात-नागलीची कामं उरकली की याच पाड्यांवरची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. बांधाशी पाल ठोकून राहतात. पाणी दुसऱ्याच्या दारचं. बाजारातून द्राक्षांची पेटी उचलताना आता मला त्या पालांचीच काळजी लागते. त्या आजीची सून, तिचे नातू रिकामी कळशी घेऊन कुणाच्या अंगणात उभे असतील, तर त्यांना तिथं कुणी "बस" म्हणतं का?