ओहोटीचं बेट

योरोनच्या पूर्व किनाऱ्यावर, ओगानेकूच्या पुळणीवर उभं राहून समोर पाहिलं तर आधी फक्त पाणी दिसतं. पायाशी नितळ, पुढे हिरवट, प्रवाळाच्या कड्यावर फेसाची पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे गडद निळा प्रशांत महासागर. मग एखाद्या दिवशी, दुपार होता होता, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर त्या हिरव्यात एक फिकट डाग पडतो. तो पिवळसर होतो, मग पांढरा होतो, त्याला कडा फुटतात, आणि बघता बघता तिथं माणसं चालताना दिसू लागतात. वाळूचं हेच बेट म्हणजे युरिगाहामा. काही वेळ वर राहतं, आणि भरती लागली की पुन्हा पाण्याखाली जातं.

योरोन हे जपानच्या कागोशिमा प्रांताचं अगदी दक्षिणेचं बेट. घेर सुमारे २४ किलोमीटरचा, वस्ती पाचेक हजारांची, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि मध्येच गुरांचे गोठे. उसाचा वास येणाऱ्या त्या रस्त्यांवर मला परकं वाटलं नाही. इथं मुक्कामाला आलं की पहिली चौकशी युरिगाहामाची करायची. ते कधी वर येणार याचं वेळापत्रक बेटावर ठेवलेलंच असतं, आणि ते ठरतं चंद्रावर.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सगळ्यात खाली जातं. पण तेवढ्यानं भागत नाही. या समुद्रात वसंत-उन्हाळ्यात दिवसाची ओहोटी खोल असते आणि हिवाळ्यात रात्रीची. म्हणून युरिगाहामा उन्हाळ्याच्या बाजूचं आणि भर दुपारचं. आमच्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तो हिशेब मी इथं मांडून पाहिला. वेळ जुळत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याचं पाणी आपल्या घडणीप्रमाणे चढतं. पण रोज सुमारे पाऊण तासानं पुढे सरकणं मात्र तेच. ओकिनावा आणि आमामीच्या बेटांवर तिसऱ्या चांद्रमासाच्या तृतीयेला माणसं समुद्रावर उतरतात, खाऱ्या पाण्यात हातपाय बुडवून शुद्ध होतात, शिंपले गोळा करतात. ओकिनावात हा मुख्यतः बायकांचा सण. पंचांग उघडून बसले तेव्हा कळलं, की ही तिथी बहुतेक वर्षी आपल्या चैत्र शुद्ध तृतीयेच्या आगेमागे पडते. इकडे चैत्रगौर बसते, कैरीची डाळ वाटली जाते. तिकडे त्याच चंद्रकोरीच्या दिवसांत बायका ओसरलेल्या पाण्यात पाय सोडून उभ्या असतात. हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला.

किनाऱ्यावरून छोटी बोट नेते. तळाला काच असते. तिच्यातून प्रवाळाचे तपकिरी गड्डे, मध्येच निळे मासे आणि मग नुसती पांढरी वाळू सरकत जाते. बोटवाले काका साठीच्या पुढचे, उन्हानं रापलेले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूनं तळ चाचपत बोट पुढे घेतली. गेल्या उधाणाला जिथं नांगर टाकला होता तिथं आज कमरेएवढं पाणी आहे, असं ते सांगत होते. लाटा आणि वादळं ही वाळू सतत हलवतात. दरवेळी आकार वेगळा, टोक वेगळ्या दिशेला.

उतरल्यावर मी पुढे गेलेच नाही. तिथंच गुडघे टेकले, ओला तळहात वाळूवर दाबला आणि उचलून डोळ्यांजवळ आणला. हाताला चिकटलेल्या कणांत प्रवाळाचा चुरा होता, शंखांचे तुकडे होते, आणि त्यांच्यात तांदळाच्या कणीहून लहान, फिकट पिवळ्या चांदण्या. काहींना पाच टोकं, काहींना सहा, एखाद्याचं टोक झिजून बोथट झालेलं. आपल्या वयाइतक्या चांदण्या इथं वेचल्या की सुख लाभतं, असं बेटावर म्हणतात. माझ्या आजूबाजूला एक आजी आणि तिची नात दोघी वाकून वेचत होत्या. नातीचं लवकर आटोपलं, मग ती आजीच्या वाटणीचं शोधू लागली.

या चांदण्या म्हणजे फोरामिनिफेरा गटातल्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं. जीव जिवंत असतो तेव्हा प्रवाळाच्या उथळ कट्ट्यावर शेवाळाला धरून राहतो. त्याच्या पोटात आणखी सूक्ष्म शैवालं असतात. ती उन्हावर अन्न करतात आणि दोघांचं चालतं. वंश वाढवायची वेळ आली की त्या एका पेशीतला सगळा जीव पिल्लांत वाटला जातो. मागे आईचं काही उरत नाही, फक्त हे रिकामं कवच उरतं आणि लाटांबरोबर वाहत येतं. मी उभी होते तिथं अशी किती कवचं पायाखाली होती, याचा अंदाज बांधवेना. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकू लागलं की अशी कवचं घडणं अवघड होतं. मोठे प्रवाळ पांढरे पडले तर निदान छायाचित्रं निघतात. या कणीएवढ्या जीवांकडे कोण बघणार, या विचारानं मन खरंच कळवळलं.

परतल्यावर संध्याकाळी दक्षिणेच्या उंचवट्यावर गेले. तिथं जुन्या योरोन किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून ओकिनावाचं उत्तर टोक, हेदोचं भूशिर, स्पष्ट दिसत होतं. मध्ये जेमतेम २३ किलोमीटर पाणी. युद्धानंतर दोन्ही बाजू अमेरिकेच्या ताब्यात होत्या. २५ डिसेंबर १९५३ रोजी योरोनसह आमामीची बेटं जपानला परत मिळाली, ओकिनावा मात्र १५ मे १९७२ पर्यंत मिळालं नाही. मधली अठराहून अधिक वर्षं या पाण्यातून, २७ अंश अक्षांशावर, सरहद्द जात होती. समोर नातलगांची किनारपट्टी दिसते आणि जायला परवाना लागतो! १९६३ पासून २८ एप्रिलला दोन्हीकडच्या होड्या त्या अक्षांशावर येऊन भेटत. दोन्ही टोकांवर रात्री शेकोट्या पेटवत, एकमेकांना दिसाव्यात म्हणून.

रात्री मुक्कामाच्या घरी योरोनची रीत झाली. यजमान काळ्या गुळाच्या दारूनं, शोचूनं, पेला भरतात, आपली ओळख सांगतात, पेला रिता करतात आणि मग तोच पेला भरून एकेकाला देतात. घेणाऱ्यानंही उभं राहून आपलं नाव-गाव सांगायचं. दुपारचे बोटवाले काकाही आले होते. मी मोडक्या जपानीत म्हटलं, माझं गाव समुद्राकाठी आहे, आमच्याकडेही उधाण तिथीवर येतं. काकांनी पेला खाली ठेवून विचारलं, "पाणी किती चढतं तुमच्याकडे?" मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर जातं, असं सांगितल्यावर सगळे माझ्याकडे वळले. त्यांच्याकडे दोनेक मीटरचाच फरक. मग प्रश्नांची झोड उठली: होड्या कुठे बांधता, खाडीत पाणी किती आत शिरतं, पावसाळ्यात काय करता. मी हातवारे करून सांगत राहिले. निघताना काका दारात थांबले. उद्याही वाळू वर येणार होती. "पाऊण तास उशिरा या," ते म्हणाले, "आज पश्चिमेकडून चढलो, उद्या दुसऱ्या टोकानं जाऊ."